पत हेच पहिले भांडवल



मुळशी तालुक्यातील आपले हिंजवडी हे एकेकाळी शेतीवर जगणारे गाव होते. 1990 नंतरच्या काळात एमआयडीसीने येथे राजीव गांधी इन्फोटेक पार्क उभारले आणि गावाचे रूप पालटले. आज येथील कंपन्यांना संगणकतज्ज्ञ लागतात, तसेच जेवणाचे डबे, कर्मचाऱ्यांची वाहतूक, साफसफाई, विजेची कामे, ए.सी.ची दुरुस्ती हेही लागते. ही कामे कोणीतरी ठेकेदार घेतो. आपली मुले बहुधा त्या ठेकेदाराच्या हजेरीपटावर असतात. ती स्वतः ठेकेदार का होत नाहीत, हा प्रश्न आपण विचारला पाहिजे.

"भांडवल नाही," हे उत्तर ठरलेले आहे. ते खोटे नाही, पण अर्धेच आहे. बँकेत काम करणाऱ्या माणसाला एक गोष्ट रोज दिसते. कर्ज मागणारा प्रथम विचारतो, "किती मिळेल?" आणि बँक प्रथम पाहते, हा माणूस फेडील का? मराठीत 'पत' या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक बाजारातली उधारी मिळण्याची ताकद आणि दुसरा समाजातला मान. दोन्ही मुळात एकच आहेत. पत वारशाने मिळाली नसेल तर ती कमवावी लागते आणि कमवायला शिकावे लागते.

ही शिकवण आपल्याला नवी नाही. अंगुत्तर निकायात दीघजाणू नावाचा कोलिय गृहस्थ भगवान बुद्धांकडे येतो. आपण संसारी माणसे, आपले याच जन्मी हित कशाने होईल, असे तो विचारतो. भगवंतांनी त्याला चार गोष्टी सांगितल्या. त्या आजच्या उद्योजकालाही तंतोतंत लागू पडतात.

1. उट्ठानसंपदा : आपल्या कामात कुशल होणे व आळस न करणे

सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यातल्या पेड गावचे अशोक खाडे यांचे उदाहरण घ्या. वडील मुंबईत चप्पल-जोडे दुरुस्त करीत, आई गावी दुसऱ्याच्या शेतात मजुरी करी. थोरले बंधू दत्ता माझगाव डॉकमध्ये कामाला होते. घरच्या ओढाताणीमुळे अशोकरावही तेथेच उमेदवारीवर लागले. अक्षर व हात चांगला असल्याने ते जहाजांचे नकाशे काढण्याचे काम शिकले. नोकरी सांभाळून त्यांनी मेकॅनिकल इंजिनिअरिंगचा डिप्लोमा पुरा केला. 1983 साली डॉकने त्यांना कामासाठी जर्मनीला पाठविले. आपल्याजवळच्या कौशल्याची बाजारात खरी किंमत काय आहे, हे त्यांना तेथे उमगले. पुढे दत्ता, अशोक, सुरेश या तिघा भावांच्या नावांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून 'दास ऑफशोअर' ही कंपनी उभी राहिली आणि समुद्रातील तेलविहिरींच्या फलाटांची कामे करू लागली.

विद्यार्थी मित्रांनो, येथे क्रम लक्षात घ्या. कंपनी आधी आणि शिकणे नंतर, असे झाले नाही. अनेक वर्षे दुसऱ्याच्या कारखान्यात काम करीत असताना ते मालकाच्या नजरेने काम पाहायला शिकत होते. आज ठेकेदाराकडे राबणाऱ्या मुलानेही हेच करावे. दर कसा लावतात, माल कोठून येतो, बिल किती दिवसांनी निघते, हे पगार घेत घेत शिकता येते. ही शाळा फुकट आहे.

2. आरक्खसंपदा : मिळवलेले जपणे

धंदा अनेकदा तोट्याने नव्हे, तर हिशेब नसल्याने बुडतो. घरखर्च आणि धंद्याचा पैसा एकाच खिशात राहिला की नफा कोठे गेला ते कळत नाही. धंद्याचे खाते वेगळे ठेवा. रोजची आवक-जावक त्याच रात्री लिहा. हप्ता चुकला की सिबिलचा गुणांक घसरतो. तो 300 ते 900 असतो. मोबाइलचा हप्ता थकवणारा मुलगा उद्याच्या टेम्पोचे कर्ज आजच गमावीत असतो.

3. कल्याणमित्रता : चांगल्या माणसांची संगत

एकट्याने शिकायला दुप्पट वर्षे लागतात. लातूर जिल्ह्यातून आलेले सिव्हिल इंजिनिअर मिलिंद कांबळे यांनी 2005 साली पुण्यात दलित इंडियन चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्री, म्हणजे 'डिक्की', स्थापन केली. आधी चाललेल्याने मागून येणाऱ्याला वाट दाखवावी, हा तिचा हेतू. अशा संस्थेत जाऊन बसणे, अनुभवी माणसाला न लाजता विचारणे, हाही अभ्यासच आहे.

4. समजीविता : मिळकतीप्रमाणे जगणे

आलेला पैसा गाडी, लग्न व मानपानात संपला, अशी उदाहरणे आपल्या सर्वांच्या पाहण्यात आहेत. सिगालोवाद सुत्तात मिळकतीचे चार भाग सांगितले आहेत. एक भाग उपभोगाला, दोन भाग व्यवसायाला आणि चौथा अडीअडचणीसाठी. निम्मी मिळकत पुन्हा धंद्यात घालण्याइतका संयम ज्याच्याजवळ आहे, तो टिकतो.

आता एक कटू सत्यही सांगितले पाहिजे. चिकाटी असली की सारे साधते, असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. परदेशी शिकून आलेल्या बाबासाहेबांनी मुंबईत शेअर्सविषयी सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला होता. जात कळताच गिऱ्हाईके येईनाशी झाली व तो बंद पडला. विद्वत्तेत उणीव नव्हती, बाजाराच्या मनात होती. म्हणूनच योजना व कायदे लागतात. 1978 पासून महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ आहे. केंद्राच्या 2012 च्या खरेदी धोरणाने सरकारी उपक्रमांच्या खरेदीत अनुसूचित जाती-जमातींच्या लघुउद्योगांसाठी 4 टक्के वाटा ठरविला. पण योजना दार उघडते, आत चालावे आपल्यालाच लागते. त्यासाठी 'उद्यम' नोंदणी, जी.एस.टी. क्रमांक, नियमित विवरणपत्रे ही कागदपत्रे आधी तयार हवीत. उद्यम नोंदणीला शुल्क नाही, एजंटाला पैसे देऊ नका.

भगिनींनी कल्पना सरोज यांचे चरित्र जरूर अभ्यासावे. अकोला जिल्ह्यातील ही मुलगी बाराव्या वर्षी लग्न होऊन मुंबईस आली. सासरचा छळ सोसून माहेरी परतली व पुन्हा मुंबईत येऊन शिवणकामावर उभी राहिली. पुढे 2006 साली कर्जात बुडालेल्या कमानी ट्यूब्जची धुरा तिने घेतली आणि कामगारांची थकलेली देणी फेडली. 2013 साली तिला व मिलिंद कांबळे यांना 'पद्मश्री' मिळाली.

मित्रांनो, शील हे केवळ विहारात पाळायचे नाही. ठरल्या वेळी माल पोचवणे, मजुराचा पगार तारखेला देणे, मापात खोट न करणे, ही बाजारातली शीलाची परीक्षा आहे. ती रोज द्यावी लागते आणि तिचा निकाल पाच-दहा वर्षांनी 'पत' या दोन अक्षरांत लागतो. या वर्षी आपल्यापैकी प्रत्येक विद्यार्थ्याने एक काम मुळापासून शिकण्याचा आणि एक वही रोज लिहिण्याचा निश्चय करावा, एवढीच विनंती.

जयभीम!