कालवांचा तरंगता पिंजरा घरी बनवताय? आधी वजनाचं गणित करा



रत्नागिरी-सिंधुदुर्गात खाडीकाठी राहणाऱ्यांना कालवं नवी नाहीत. ओहोटीला खडकावरची कालवं फोडून आणणाऱ्या बायका आपण लहानपणापासून बघतोय. तीच कालवं पिंजऱ्यात वाढवायची, तर खाद्याचा खर्च शून्य. कालव पाणी गाळूनच पोट भरतं. पण म्हणूनच गटार किंवा कारखान्याचं पाणी येतं तिथे हा धंदा करूच नका. पाण्यातली घाण थेट गिऱ्हाइकाच्या ताटात जाते.

पिंजरा सोपा आहे. एक मीटर लांबीची जाड प्लॅस्टिक जाळीची चपटी पेटी, दोन्ही बाजूंना टोकं बंद केलेले पीव्हीसी पाइप, आणि नायलॉनची दोरी. जाळीचं भोक बियापेक्षा बारीक हवं. लोखंडी तार वापरू नका, खारं पाणी ती खाऊन टाकतं.

आता मुख्य मुद्दा. माझा पहिला पिंजरा दोन-तीन महिने झकास तरंगला. मग एक दिवस उलटा केला आणि बघता बघता खाली गेला! असं का झालं?

पिंजरा अधूनमधून उलटा करावाच लागतो. पाइप खाली, कालवं वर उन्हात. त्याने जाळीवरचं शेवाळ आणि चिकटलेले बार्नेकल वाळून मरतात. नाहीतर भोकं बुजतात, पाणी खेळत नाही, कालवं उपाशी राहतात. पण कालवं पाण्यात असतात तेव्हा पाणीच त्यांचा बराच भार उचलतं. वर आली की सगळा भार पाइपांवर!

हिशोब करू. बंद हवा एक लिटर असेल तर साधारण एक किलो उचलते. समजा १५० कालवं, वाढल्यावर प्रत्येकी ८० ग्रॅम: १२ किलो. जाळी, दोरी आणि चिकटलेला कचरा ५ किलो धरा. झाले १७. चार इंची पाइप एक मीटरचे दोन म्हणजे सुमारे १९ लिटर; त्यातून पाइप आणि टोपणांचं वजन ३ किलो गेलं, उरले १६. बुडाला की नाही? सहा इंची दोन पाइप घेतले तर ४० लिटर, वजा ६, म्हणजे ३४ किलो. इथे चार पैसे वाचवू नका, खरंच सांगतो.

टोपणं सोल्युशन लावून बसवा आणि पाइप एक दिवस पाण्यात दाबून ठेवून बघा. बुडबुडा आला तर पुन्हा करा.

उलटा करताना सुरुवातीला सकाळचे थोडेच तास ठेवा. आपलं एप्रिलचं ऊन कालवांनाही सोसत नाही.

पिंजरा दगडाच्या नांगराला बांधा, भरती-ओहोटीला पुरेल इतकी दोरी सोडून. कांदळवनाच्या झाडाला बांधायचा नाही. खाडी आपल्या मालकीची नाही, त्यामुळे खर्च करण्याआधी मत्स्यव्यवसाय विभागाच्या कार्यालयात जाऊन परवानगीचं विचारा.

आणि पावसाळा! जूनमध्ये नदीचं गोडं पाणी खाडीत उतरतं. कालव शिंपला मिटून काही दिवस काढतं, फार दिवस नाही. त्यामुळे विक्रीलायक माल मे महिन्यातच बाहेर काढायचा, या हिशोबाने बी पावसाळा संपल्यावर, खाडीचं पाणी पुन्हा खारं झालं की टाका.

पहिल्या वर्षी दहा नको, एकच पिंजरा. दर महिन्याला वीस कालवं मोजून-तोलून वहीत लिहा, मेलेलीसुद्धा. दुसरा पिंजरा घ्यायचा की नाही, ते ती वही बघून ठरवा.