टेबल विसर, नोंदवही उघड

चिंचवड

चि. मेघा,

चौथीच्या प्रकल्पांचं प्रदर्शन भरवायचंय, टेबलावर छान काय मांडता येईल, असं तू विचारलंस. मी म्हणेन, आधी ते टेबल विसर. थर्माकोलचे ज्वालामुखी आणि धरणांच्या चकचकीत प्रतिकृती नोकरीत खूप पाहिल्या. त्यात आईचं जागरण दिसतं. मुलाला काय उमगलं, ते दिसत नाही.

प्रश्न मुलांच्या रोजच्या जगण्यातला घे. चाकणची वाहतूक कोंडी तुझी मुलं रोज सोसतात. ‘शाळेसमोर गाड्या नेमक्या कधी तुंबतात?’ एवढा प्रश्न पुरे. मोजण्याआधी प्रत्येकाला स्वतःचा अंदाज नोंदवहीत लिहायला लाव आणि तो पुढे खोडू देऊ नकोस. मग कुंपणाच्या आतूनच, तू सोबत असताना, गटागटानं मोजू देत: ट्रक, कंपनीच्या बस, दुचाकी, रिक्षा. ताळ्याच्या खुणा त्यांना येतात. दोन गटांचे आकडे जुळणार नाहीत. टेम्पो ट्रकमध्ये धरायचा की वेगळा, यावरून भांडणंही होतील. मधे पडू नकोस. नियम त्यांनाच ठरवू दे, पुन्हा मोजू दे. त्या भांडणात जे शिक्षण होतं ते माझ्या फळ्यावर कधी झालं नाही.

कुणीतरी म्हणेलच, ‘बाई, पप्पांची फर्स्ट शिफ्ट सुटते ना, म्हणून!’ लगेच शाबासकी देऊन विषय मिटवू नकोस. ‘कशावरून?’ असं विचार. पुष्कळ कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते. मग गुरुवारी आकडा किती येईल? मुलं आधी अंदाज करतील, मग मोजतील. अंदाज चुकला आणि का चुकला हे त्यांना सांगता आलं, तर गुण तिथे दे.

यात नियमाबाहेरचं काही नाही. शिक्षण हक्क कायद्याचं २९ वं कलम कृती आणि शोधातून शिकण्याबद्दलच बोलतं. आपल्या आकारिक मूल्यमापनातही चाचणीच्या बरोबरीनं दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रयोग, प्रकल्प ही साधनं आहेत. त्यांचे रकाने वर्षाच्या शेवटी एका बैठकीत भरले जातात, याचं मला फार वाईट वाटतं. तू तसं करू नकोस. मुलाचं एखादं वाक्य जसंच्या तसं, त्याच दिवशी टिपून ठेव.

तुझ्या वर्गात लातूरची, बीडची, बिहारची मुलं असतील. ज्याला मराठी अजून जड जातं त्याला आधी हिंदीत बोलू दे, चित्र काढून दाखवू दे. मराठी येईल, पण तोवर त्याची समज शून्य धरणं हा अन्याय आहे.

आणि एक. आपल्याच खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरच्या जिल्हा परिषद शाळेनं २०२५ मध्ये जगातल्या उत्कृष्ट शाळांच्या स्पर्धेत कम्युनिटी चॉइस पुरस्कार मिळवला. तिथे मुलं ‘विषयमित्र’ होऊन एकमेकांना शिकवतात. तूही तुझ्या चौथीला दुसरीच्या वर्गात पाठव. दुसरीतली पोरं भीड न ठेवता विचारतात आणि पाठ केलेलं उत्तर त्यांच्यापुढे टिकत नाही.

प्रदर्शनाला पालकांना खुर्च्यांवर न बसवता मुलांमध्ये सतरंजीवर बसव. प्रत्येकानं नोंदवही चाळून एक तरी प्रश्न विचारायचा, एवढीच अट घाल. पाहुण्यांचं भाषण ठेवू नकोस. तारीख ठरली की कळव, मीही प्रश्न घेऊन येते.

तुझी,
सुमनमावशी