जाम इंजिनाच्या दोरीला हात लावण्याआधी

गंगरेल धरणावरच्या बोटींची देखभाल तुझ्याकडे आली आहे, तर हे आत्ताच ऐकून ठेव. इंजिन जाम झालं असं कुणी सांगितलं की आधी दोरी सोडायला लाव. जो येतो तो जोर लावून दोरी ओढतो आणि धड असलेला भागही तोडून ठेवतो. रायपूरच्या बुढापाऱ्यातल्या ज्या उस्तादांनी मला हे काम शिकवलं, ते पाना उचलण्याआधी बोटवाल्याला एकच विचारायचे: बंद कसं पडलं? जोर कमी होत होत थांबलं, खाडकन थांबलं, की ठेवलेलं होतं ते आज हललंच नाही? अर्धं निदान या उत्तरातच असतं.

आपल्या भागात तिसरा प्रकार जास्त. कोकणात खारं पाणी इंजिन खातं. इथे महानदीचं, तलावांचं पाणी गोडं. पण पुरासाठी राखलेलं इंजिन महिनोन्‌महिने कोठारात उभं राहतं, आतल्या रिंगा गंजून सिलिंडरला चिकटतात, आणि शिवनाथ नदी गावात शिरते त्या दिवशी ते फिरत नाही.

बॅटरीची तार आणि बंद करायच्या बटणाची दोरी काढ. गियर न्यूट्रलला आहे ना, ते हाताने तपास. गियर पडलेला असेल तर बऱ्याच इंजिनांत दोरी मुद्दाम अडवलेली असते; त्यालाच जाम समजून लोक इंजिन खोलायला बसतात. मग दोरीचा स्टार्टर वरून उचल आणि फ्लायव्हील हाताने फिरव. फिरलं, तर दुखणं स्टार्टरचं.

नाही फिरलं तर सगळे प्लग काढ. सिलिंडरमध्ये पाणी भरलं असेल तर पिस्टन वर येऊच शकत नाही, कारण पाणी दाबलं जात नाही. प्लग निघाले की फ्लायव्हील हळू फिरव, पिचकारी उडेल, तोंड बाजूला ठेव. प्लगच्या टोकावर चंदेरी बारीक कण दिसले तर पिस्टन वितळलाय. ते इंजिन उघडावंच लागतं.

यापुढची पायरी बहुतेक जण गाळतात, आणि मला त्याचा राग येतो, कारण त्यापायी गरिबाचं चांगलं इंजिन भंगारात जातं. न्यूट्रलमध्येसुद्धा उभा शाफ्ट खालच्या गियरबॉक्समध्ये फिरत असतो. खालचं बेअरिंग धरलं की वरचं इंजिन ठणठणीत असूनही हलत नाही. म्हणून आधी पंख्यामागे जाळ्याची तंगूस, जलकुंभीची मुळं गुंडाळली आहेत का बघ. मग गियरबॉक्सचा खालचा स्क्रू सैल कर. तेल दुधासारखं आलं तर सील गेलंय, चकाकता चुरा आला तर दात किंवा बेअरिंग. शेवटी खालचा भाग बोल्ट काढून वेगळा कर आणि फ्लायव्हील पुन्हा फिरव. आता फिरलं, तर वरच्या भागाला हात लावू नको.

तरीही घट्टच असेल आणि कारण गंजाचं असेल, तर प्लगच्या भोकांतून गियरचं पातळ तेल आणि डिझेल ओत, रात्रभर मुरू दे, गरज पडली तर आणखी काही दिवस. मग फ्लायव्हीलच्या नटावर पाना लावून नट आवळायच्या दिशेने थोडं, मग हाताने चाक धरून मागे थोडं. पान्याला लांब पाइप लावू नको, हातोडा तर नाहीच. सुटलं म्हणजे सुधारलं असं नाही, कॉम्प्रेशन मोज. दोन सिलिंडरांत दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर भिंतीवर ओरखडे असू शकतात.

चालता चालता धरलं असेल तर कारण सापडेपर्यंत जोडू नको. इंजिनामागून पाण्याची धार येत होती का, हे बोटवाल्याला विचार. तलावातली पॉलिथिन पाणी ओढायच्या जाळीवर बसते, नदीची रेती पंपाचा रबरी इम्पेलर झिजवते. टू-स्ट्रोक असेल तर तेलाचं माप विचार: ५० ला १ म्हणजे लिटरला २० मिली. हल्लीच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये पाणी शिरलं की ते इथेनॉल घेऊन तळाशी बसतं, तेल वरच्या पेट्रोलात राहतं, आणि इंजिन तळातलं तेलाविना ओढतं. जुना डबा वापरू नको.

बुडालेलं इंजिन काढलं आणि लगेच खोलता येत नसेल, तर ते उन्हात ठेवू नको. स्वच्छ पाण्याच्या टाकीत बुडवून ठेव. गंज हवेत झपाट्याने धरतो. चालू असताना बुडालं असेल तर जबरदस्तीने फिरवू नको, कनेक्टिंग रॉड वाकलेला असू शकतो.

हरेलीच्या सणाला औजारांची पूजा होते, पण तोवर पाऊस आलेला असतो. तू अक्तीलाच, म्हणजे अक्षय्य तृतीयेलाच, सगळी इंजिनं बाहेर काढ, प्लगच्या भोकांतून थोडं तेल सोड, फ्लायव्हील हाताने फिरव, आणि इम्पेलर नवा घाल.