आज्ञावलींची स्वयंचलित चाचणी

दिनांक ४ जून १९९६ रोजी युरोपचा ‘एरियन-५’ हा अग्निबाण पहिल्याच उड्डाणात सुमारे ४० सेकंदांत नष्ट झाला. त्याच्या दिशादर्शक यंत्रणेतील आज्ञावली पूर्वीच्या ‘एरियन-४’साठी रचलेली होती. नव्या अग्निबाणाचा आडवा वेग अधिक असल्याने त्यासंबंधीची एक संख्या १६ बिटांच्या जागेत मावली नाही आणि यंत्रणा बंद पडली. नव्या उड्डाणमार्गानुसार या यंत्रणेची चाचणी घेण्यात आली नव्हती, असे चौकशीत आढळून आले.

आज्ञावलीत लहानसा बदल केला तरी तिची पुन्हा तपासणी करणे अगत्याचे असते. हे काम दरवेळी हाताने करणे कष्टाचे असल्याने तपासणीसाठी स्वतंत्र आज्ञावली लिहिण्यात येते.

चाचणीची रीत

लीप वर्ष ओळखणाऱ्या आज्ञावलीचे उदाहरण घेऊ. तिला २०२४, २०२३, २००० आणि १९०० या वर्षांविषयी विचारावयाचे. ‘चारने भाग जातो ते लीप वर्ष’ एवढाच नियम तिच्यात असेल, तर पहिली तीन उत्तरे बरोबर येतील. १९०० चे मात्र चुकेल. शतकाच्या वर्षास ४०० ने भाग जावा लागतो.

‘पायथन’ या संगणकभाषेत अशा चाचण्यांसाठी ‘युनिटटेस्ट’ हे साधन आहे. कमांड लाइनवर एका ओळीचा आदेश टंकला की सर्व चाचण्या ओळीने चालतात. यशस्वी चाचणीमागे एक टिंब, तर फसलेल्या चाचणीमागे ‘एफ’ हे अक्षर पडद्यावर उमटते. अखेरीस एक सांकेतिक अंक मिळतो. शून्य म्हणजे यश, अन्य अंक म्हणजे अपयश. हा अंक वाचून पुढील काम आपोआप थांबविता येते. त्यासाठी कोणी पडद्यासमोर बसून राहण्याची गरज नसते.

एक सावधगिरी

चाचणीच्या फाइलचे नाव ‘टेस्ट’ या शब्दाने सुरू व्हावे, असा येथे संकेत आहे. नाव चुकले तर फाइल सापडत नाही आणि एकही चाचणी होत नाही. पूर्वी अशा वेळीही यशाचाच अंक मिळत असे. २०२३ मधील पायथनच्या ३.१२ या आवृत्तीपासून मात्र त्याऐवजी ५ हा अंक मिळतो.

म्हणून ‘सर्व ठीक’ एवढा शेरा पुरेसा मानू नये. किती चाचण्या झाल्या आणि त्यांत कोणते प्रश्न विचारले गेले, हेही पाहिले पाहिजे. दोष न आढळणे आणि तपासणीच न होणे, या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत.