रंग दिला की घराला भाव येतो का?

प्रश्न : म्हसळ्याजवळचं आमचं वडिलोपार्जित कौलारू घर विकायचं आहे. भिंती उघड्या जांभ्या चिऱ्याच्या. भाऊ म्हणतो, पुढच्या बाजूला सिमेंटचा गिलावा करून रंग काढू, किंमत वाढेल. खरंच वाढेल?

उत्तर : घराच्या बाह्यरूपाला पैसे मिळतात. अमेरिकेतल्या डेन्व्हरमध्ये संशोधकांनी घरांची रस्त्यावरून काढलेली छायाचित्रं आणि विक्रीच्या किमती ताडून पाहिल्या. बाहेरून देखण्या घरांना तशाच इतर घरांपेक्षा ७ टक्क्यांपर्यंत जास्त भाव आला होता. आपल्याकडे रेडी रेकनरच्या हिशोबात मात्र रंगाला जागाच नाही. तिथे ठिकाण, क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार आणि वय बघतात.

तरीही भावाचा बेत मला पटत नाही. तुमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. त्यामुळे जाणतं गिऱ्हाईक रंग बघतच नाही, पाणी कुठून शिरतं ते शोधतं. अंगणात उभं राहून आधी आढ्याची रेघ बघतं. ती मध्ये खचली असेल तर वासा कुजलाय हे ओळखतं. मग वाकून जोतं बघतं. पागोळ्यांनी उडवलेल्या चिखलाचे डाग भिंतीवर वीतभर चढले असतील, तर ओल आत गेली म्हणून किंमत पाडून मागतं. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात या पट्ट्यातल्या कितीतरी घरांची कौलं आणि पत्रे उडाले. तेव्हापासून छपराची चौकशी होणारच.

सिमेंटचा गिलावा तर मुळीच नको. जांभा सच्छिद्र दगड. त्याने शोषलेली ओल सिमेंटमागे कोंडते आणि दोन-तीन पावसाळ्यांत पोपडे सुटतात. शिवाय मुंबई-पुण्याहून दिवेआगर, हरिहरेश्वरच्या वाटेवर घर शोधणाऱ्यांना उघडा चिराच हवा असतो. तो झाकून तुम्ही घराची सगळ्यात देखणी गोष्ट घालवाल.

तेच पैसे कौलं चाळायला, कुजके वासे आणि रीपा बदलायला वापरा. चिरे ब्रशने घासून शेवाळ काढा, सांध्यांत चुना भरा, पागोळीचं पाणी वाहून नेणारा चर खणा. दारं-खिडक्यांना तेलपाणी करा, गडगा नीट रचून घ्या. जमलं तर गिऱ्हाईकाला श्रावणात बोलवा, कोरडी ओटी त्याला स्वतः बघू द्या. आणि कागदावर अजून आजोबांचंच नाव असेल, तर वारसनोंद या सगळ्याच्या आधी करून घ्या.