चित्रकाराला विषय सापडतो कुठे?

प्रश्न : मागे एका चित्रप्रदर्शनाला गेलो होतो. तिथे तैलचित्रांत बनारसचे घाट होते, घोडे होते, दिवा घेतलेल्या बायका होत्या, आणि काही चित्रांत तर नुसते रंगच होते. आमच्या गावाला गोदावरी आहे, महामार्गावरचा लांबलचक पूल आहे, आजूबाजूला मोसंबीच्या बागा आहेत. तरी आमचे गाव कुणी चित्रात का घेत नाही? तैलचित्रकाराला विषय सुचतो कसा? प्रेरणा येते म्हणजे नेमके काय होते? आणि हे तेल तरी कोणते?
— एक वाचक, शहागड (ता. अंबड, जि. जालना)

उत्तर : तुम्ही विचारलेले प्रश्न चार आहेत, पण त्यांची गाठ एकच आहे. चित्रकार एका जागी स्वस्थ बसलेला असतो, अचानक काहीतरी चमकते आणि तो कुंचला उचलतो, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात विषयाची निवड शेतकऱ्याच्या पीकनिवडीसारखी होते. मन एकीकडे ओढते, पण जमीन, पाणी आणि बाजारही आपापले मत देतात. ती मते एकेक करून पाहू. सुरुवात तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून करू, कारण बाकीची उत्तरे त्यातून निघतात.

हे तेल तुमच्या शिवारातलेच आहे. तैलरंग म्हणजे रंगाची बारीक पूड जवसाच्या तेलात खलून केलेला लगदा. शेंगदाण्याचे तेल का चालत नाही? कारण ते वाळत नाही, वर्षभर ठेवले तरी चिकटच राहील. जवसाचे तेल हवेतला प्राणवायू घेते आणि हळूहळू घट्ट होऊन त्याचा पापुद्रा बनतो. म्हणजे तैलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही, तो जागच्या जागी बदलतो. जवसाचे तेल काळाने थोडे पिवळे पडते. म्हणून पांढऱ्या रंगासाठी पुष्कळदा करडईचे तेल घेतात, ते त्या मानाने कमी पिवळे पडते. ज्या जवसाची आपण चटणी करतो आणि ज्या करडईने ज्वारीच्या शेताला कड घालतो, त्यांच्यावाचून जगातल्या मोठमोठ्या चित्रशाळांचे चालले नसते.

आता या वाळण्याच्या संथपणाचा परिणाम बघा. पातळ थर वाळायला काही दिवस लागतात, जाड थराला महिने. तेवढ्या वेळात चित्रकार ओल्या रंगात ओला रंग मिसळू शकतो, न पटलेला भाग खरवडून काढू शकतो, वाळलेल्या थरावर पारदर्शक थर चढवू शकतो. त्यामुळे गालावरची उजेडाकडून सावलीकडे जाणारी छटा, पैठणीच्या पदराची झळाळी, पितळी समईवरचा चकाकता ठिपका या गोष्टी तैलरंगात फार चांगल्या उतरतात. व्यक्तिचित्रे आणि दागिन्यांनी मढलेल्या पौराणिक नायिका तैलचित्रांत इतक्या का, याचे निम्मे कारण इथे सापडते. माध्यमाला जे जमते, त्याकडे चित्रकाराची नजर आपोआप वळते.

मग नदी, रस्ता, बाजार? ते तैलरंगात सर्रास यायला एक साधी सोय व्हावी लागली. पूर्वी खललेला रंग जनावराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून ठेवत. पिशवी फुटायची आणि एकदा उघडली की रंग वाळायचा. 1841 मध्ये जॉन रँड या अमेरिकन चित्रकाराने पिळता येणाऱ्या धातूच्या नळीचे पेटंट घेतले. पुढे रंग खिशात घालून नदीकाठी जाणे सोपे झाले. युरोपातल्या चित्रकारांना निसर्गाची ओढ आधीही होती, पण काठावर बसून तैलचित्र पुरे करण्याची सवय नळीमुळे वाढली.

माध्यमानंतर येतो हुकूम देणारा किंवा पैसे देणारा. चित्रकार आपला विषय आपण निवडतो, हा समज इतिहासात फार वेळा खोटा ठरतो. याचे ठळक उदाहरण मराठवाड्याच्या वेशीवरच आहे, अजिंठ्याला. तिथली मूळ चित्रे तैलचित्रे आहेत असे काहीजण समजतात, ते खरे नाही. मातीच्या गिलाव्यावर पांढरा हात देऊन डिंकासारख्या चिकट द्रव्यात कालवलेल्या रंगांनी ती काढली आहेत. तैलरंगात झाल्या त्या त्यांच्या प्रतिकृती. मद्रास फौजेतला अधिकारी रॉबर्ट गिल याला 1844 मध्ये या कामावर नेमले गेले आणि त्याने आयुष्यातली बरीच वर्षे तिथे घालवली. त्याच्या लंडनला पाठवलेल्या बहुतेक प्रतिकृती 1866 मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. मग 1872 ते 1885 या काळात मुंबईच्या जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन तिथे जात राहिले. पेस्तनजी बोमनजी त्या विद्यार्थ्यांपैकीच. त्या प्रतिकृतींपैकीही बऱ्याच 1885 मध्ये लंडनमधल्याच दुसऱ्या एका आगीत गेल्या.

यातले एकही चित्र कुणाला ‘सुचले’ नव्हते. विषय हुकमाने आला होता. पण प्रतिकृती करताना उभ्या राहिलेल्या बाईच्या कमरेची लय आणि बोटांची वळणे ही मुले रोज न्याहाळत होती. हुकमाचे काम असे शिक्षणही ठरते.

राजा रविवर्म्याचेही तेच. बडोद्याच्या सयाजीरावांनी त्याच्याकडून 14 पौराणिक चित्रे करवून घेतली. कथा महाभारत-पुराणातल्या घ्यायच्या, हे दरबाराने ठरवले असेल, पण कथेतला कोणता क्षण घ्यायचा ते चित्रकाराच्या हातात होते. गंगा आणि शंतनूची कथा घ्या. त्यात भेट आहे, लग्न आहे, विरह आहे. रविवर्म्याने क्षण घेतला तो गंगा मूल पाण्यात सोडायला निघते आणि राजा तिला अडवतो तेव्हाचा. पुढे काय होणार हे कथा ठाऊक असलेल्याला कळते, आणि ठाऊक नसलेल्यालाही काहीतरी भयंकर अडले आहे एवढे दिसते. विषय दिलेला असला तरी निवडीला जागा उरते, ती अशी. 1894 मध्ये मुंबईत सुरू झालेल्या त्याच्या छापखान्याने अशी चित्रे घरोघरच्या भिंतींवर नेली आणि देवादिकांचे चेहरे कसे असावेत, हेही पुष्कळ अंशी ठरवून टाकले.

आता तुम्ही प्रदर्शनात पाहिलेल्या दिवा घेतलेल्या बायकांकडे वळू. त्यांची मूळ आई बहुधा म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे. काळोखात हातातल्या समईच्या उजेडाने चेहरा उजळलेली ती बाई अनेकांना रविवर्म्याची आणि तैलरंगातली वाटते. दोन्ही समज चुकीचे आहेत. ते चित्र सावंतवाडीत जन्मलेल्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचे आहे, 1945-46च्या सुमारास काढलेले, आणि ते जलरंगात आहे. रविवर्म्याला जाऊन तेव्हा चाळीसच्या आसपास वर्षे झाली होती.

त्यातली मुलगी हळदणकरांची स्वतःची. दिवाळीत तिच्या हातात दिवा पाहून त्यांना चित्र सुचले, अशी हकीकत सांगतात. म्हणजे प्रेरणा इथे खरोखरच एका क्षणात आली. पण दिवाळीत दिवा घेतलेली मुलगी कोणत्या घरात नसते? इतर बापांना मुलगी दिसली, हळदणकरांना बोटांच्या फटीतून झिरपणारा लालसर उजेडही दिसला, कारण उजेड कागदावर कसा आणायचा याचा अभ्यास त्यांनी उभा जन्म केला होता. शिवाय तो क्षण गेल्यावर मुलीला समई धरून पुन्हा उभे राहावे लागले, ते काही क्षणभराचे काम नव्हते. प्रेरणा तयार डोळ्याकडेच येते आणि आली की मजुरी करवून घेते.

काही चित्रकारांना नवा विषय शोधावासाच वाटत नाही. कोल्हापूरचे आबालाल रहमान जे. जे. स्कूलमध्ये शिकले, पण मुंबईत न रमता कोल्हापूरला परतले आणि शाहू महाराजांचे दरबारी चित्रकार झाले. कोटितीर्थ तलाव त्यांनी पुन्हा पुन्हा रंगवला. एकाच तळ्यात इतके काय आहे, असे वाटेल. तळे एकच, पण सकाळचे पाणी आणि तिन्हीसांजेचे पाणी एक नसते. ज्याला पाणी रंगवायचे आहे त्याला एक तळे पुरते, ज्याला फक्त ठिकाणे रंगवायची आहेत त्याला अख्खा देश पुरत नाही.

घोड्यांचे कारण वेगळे आहे. पंढरपुरात जन्मलेल्या मकबूल फिदा हुसेन यांनी उमेदीच्या वर्षांत मुंबईत सिनेमाचे फलक रंगवून पोट भरले. फलक भव्य, वेळ कमी, आणि ते रस्त्यापलीकडून दिसायला हवेत. अशा कामात बारकावे गळतात आणि रेघ जोरकस होते. लहानपणी पाहिलेल्या मोहरमच्या मिरवणुकांतला घोडा आणि पुढे चीनमध्ये पाहिलेली घोड्यांची कला या दोन्ही गोष्टी त्या रेघेला येऊन मिळाल्या. धावता घोडा हा जोरकस रेघेला साजेसा विषय आहे. हाताची सवयसुद्धा विषय निवडते.

राहिली ‘नुसत्या रंगांची’ चित्रे. अशा चित्राला विषयच नसतो आणि म्हणून ते झटपट होते, असा समज आहे. नागपुरात जन्मलेले वासुदेव गायतोंडे (1924–2001) यांच्याकडे पाहिले तर उलटेच दिसते. जे. जे. स्कूलमध्ये शिकलेला हा चित्रकार वर्षाकाठी मोजकीच चित्रे करी. रोलर आणि रंगाच्या पात्याने तैलरंगाचे थर चढवायचे, काही उतरवायचे आणि मधला बराच काळ नुसते पाहत राहायचे, अशी त्यांची रीत होती. खालचा रंग वरच्या थरातून किती दिसू द्यायचा, हाच तिथे विषय असतो. त्या चित्रासमोर ‘हे काय आहे?’ असे विचारण्यापेक्षा ‘उजेड कुठून येतो आहे?’ असे विचारून पाहा, अडचण बरीच सुटते.

आता तुमचे गाव. बनारसचे घाट इतके का निघतात, याचे कारण साधे आहे. विकत घेणाऱ्याला ते लगेच ओळखू येतात. तो तिथे गेलेला असतो, किंवा त्याची आई गेलेली असते. विकले जाते म्हणून आणखी निघतात, आणि आणखी निघतात म्हणून अधिक ओळखीचे होतात. यात शहागडचे काही उणे नाही.

उलट उजेडाच्या दृष्टीने तुमचा काठ सोयीचा आहे. शहागड गोदेच्या उत्तर काठावर आहे. तुम्ही नदीकडे तोंड केले की दक्षिणेकडे पाहता. हिवाळ्यात दुपारचा सूर्य दक्षिणेला कललेला असतो, म्हणजे तो नदीपलीकडून तुमच्या डोळ्यांवर येतो. पाणी चांदीसारखे पेटते, पुलाचे खांब आणि गेवराईकडचा काठ काळपट होतात, तपशील पुसले जाऊन मोठे आकार उरतात. गेवराईच्या बाजूने याच पुलाकडे पाहा, सूर्य तुमच्या पाठीशी असेल, खांबावरचा चिखलाचा डाग आणि गाडीचा रंगही दिसेल. पूल एक, चित्रे दोन. त्यात पैठणच्या धरणातून पाणी सुटल्यावरचे पात्र आणि उन्हाळ्यातले पात्र ही तर एक नदी वाटतच नाही.

ज्याला घराबाहेर पडायचे नाही त्याने मोसंबीचा ढीग घ्यावा. निळ्या ताडपत्रीवर फळे ओतली की प्रत्येक फळाच्या खालच्या अंगाला ताडपत्रीचा निळा उतरतो आणि मोसंबी तिथे मोसंबीच्या रंगाची राहत नाही. ती छटा पकडायला तैलरंगाचा संथपणा कामी येतो.

आणि इतिहास हवा असेल तर राक्षसभुवन जवळच, नदीच्या दक्षिण काठाला आहे. 10 ऑगस्ट 1763 रोजी तिथे माधवराव पेशव्यांच्या फौजेने निजामाच्या फौजेला गाठले. निजाम अली काही सैन्यासह आधीच नदी उतरून उत्तर काठावर आला होता. त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर उरलेल्या फौजेसह मागे राहिला आणि लढाईत मारला गेला. गोदेला पूर होता, त्यामुळे निजामाला मदत पाठवता आली नाही. दक्षिण काठावरून हा प्रसंग काढला तर घोडे, भाले, धूळ असे नेहमीचे रणचित्र होईल. तुमच्या बाजूच्या काठावरून काढला तर समोर गढूळ पाण्याचा रुंद पट्टा, पलीकडे बारीक दिसणारी पळापळ आणि अलीकडे हात बांधल्यागत उभा राहिलेला सत्ताधीश. लढाई तीच, पण दुसऱ्या चित्राचा विषय असहायता हा आहे.

तुमच्या मूळ प्रश्नाचे उत्तर यातच आहे. विषय गावोगाव पडलेले असतात. माध्यम, पैसा, हुकूम आणि सवय त्यातले काही पुढे ढकलतात, काही मागे सारतात. चित्रकाराच्या हाती शेवटी उरते ते कुठे उभे राहायचे आणि कोणत्या वेळी, एवढेच ठरवणे. पण चांगले चित्र आणि नुसते ओळखीचे चित्र यांतला फरक तेवढ्यानेच पडतो. गावात कुणी रंगवणारे पोर असेल तर त्याला बनारसचे कॅलेंडर देऊ नका. पुलाजवळची एक जागा ठरवून द्या, आणि तिथूनच सकाळी, दुपारी, संध्याकाळी काढायला सांगा. पहिली काही चित्रे वाईट होतील. ती फेकू नका, पाठीमागे तारीख आणि वेळ लिहून ठेवायला सांगा.