खाडीचा जिताडा : गळाची मासेमारी आणि तिची मर्यादा

वसई तालुक्याच्या पश्चिम किनाऱ्यावर, अर्नाळा आणि कळंब यांच्या दरम्यान, राजोडी हे गाव वसले आहे. समोर अरबी समुद्र, किनाऱ्यालगत सुरूची झाडी, मागे नारळी-केळीच्या वाड्या आणि त्यांच्यामधून गोड्या पाण्याची बावखले, असे या पट्ट्याचे परिचित रूप आहे. उत्तरेस अर्नाळ्याजवळ वैतरणा समुद्रास मिळते. दक्षिणेस उल्हास नदीचे पाणी वसईच्या खाडीतून समुद्रात जाते. या दोन मुखांच्या दरम्यान खाड्यांचे फाटे, खाजणे, मिठागरे आणि कांदळवने यांचे जाळे पसरलेले आहे. येथील पाणी उथळ व उबदार असते. पावसाळ्यात ते गोडसर होते आणि उन्हाळ्यात त्याचा खारेपणा वाढतो.

या पाण्याचा मानकरी मासा म्हणजे जिताडा. गोव्यात त्यास चोणक म्हणतात, बंगालमध्ये भेटकी, तामिळनाडूत कोडुवा, तर ऑस्ट्रेलियात बारामुंडी. शास्त्रीय परिभाषेत त्याचे नाव लेट्स कॅल्करिफर असे आहे. इंग्रजीत त्यास आशियाई सागरी ‘बास’ म्हटले जात असले तरी अमेरिकेतील तळ्यांमध्ये गळाने पकडला जाणारा बास हा निराळ्या कुळातील मासा आहे. काठावरून गळ टाकून किंवा लहान होडीत बसून जिताडा पकडण्याची हौस अलीकडे शहरवासीयांतही वाढू लागली आहे. म्हणून या माशाची जीवनरीत, त्यास पकडण्याची पद्धत आणि त्या पद्धतीस घालून घ्यावयाची मर्यादा यांचा एकत्रित विचार करणे अगत्याचे आहे.

माशाची ओळख

जिताड्याचे शरीर लांबट व दोन्ही बाजूंनी चपटे असते. डोक्याचा वरचा भाग किंचित खोलगट असून पाठ त्यापुढे एकदम उंचावते. जबडा मोठा असतो व तो डोळ्याच्या मागेपर्यंत पोहोचतो. पाठ हिरवट-करडी, पोट रुपेरी आणि शेपटी गोलाकार असते. रात्री उजेड पडताच त्याचे डोळे तांबूस चमकतात. त्याचे दात बारीक व खरखरीत असतात. तथापि कल्ल्यांवरील झाकणाची कड सुरीसारखी धारदार असते. नवशिक्याची दोरी बहुधा याच कडेवर घासून तुटते आणि निष्काळजी हाताची बोटेही तेथेच कापली जातात. यास्तव गळाजवळची हात-दीड हात दोरी जाड घ्यावी आणि मासा कल्ल्याला धरून कधीही उचलू नये.

हा मासा पाठलाग करून शिकार करण्यापेक्षा दबा धरून बसणे पसंत करतो. कांदळाची मुळे, बुडालेले ओंडके, पुलाचे खांब, दगडी बांधाचा पायथा या त्याच्या आवडत्या जागा होत. कोळंबी, बोईट, निवटी असे भक्ष्य समोर येताच तो एकदम जबडा उघडून पाण्यासह ते आत ओढून घेतो. त्या वेळी होणारा ‘भप्’ असा आवाज जाणकार मच्छीमार अंधारातही ओळखतात. सुमारे २६ ते ३० अंश सेल्सिअस तापमानाचे पाणी त्यास मानवते. थंडीत पाणी गार झाले की तो मंदावतो व आमिषास सहसा तोंड लावीत नाही.

तिथी आणि पाणी

खाडीत मासा शोधावयाचा तर प्रथम पाण्याची वेळ जाणली पाहिजे. या किनाऱ्यावर भरती दिवसातून दोनदा येते व प्रत्येक दिवशी ती सुमारे पाऊण तासाने पुढे सरकते. यावरूनच कोकणात एक सोपा आडाखा रूढ झाला आहे. तिथीचा आकडा पाऊणने गुणला की भरतीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थीस तीन वाजता, अष्टमीस सहा वाजता, तर पौर्णिमा व अमावास्या या पंधराव्या तिथींना सव्वाअकराच्या सुमारास पूर्ण भरती असते. हा हिशेब उघड्या किनाऱ्याचा आहे. खाडीत जसजसे आत जावे तसतशी भरती उशिरा पोहोचते. अचूक वेळेसाठी भरती-ओहोटीचे कोष्टक पाहणे हेच योग्य.

ओहोटी लागली म्हणजे खाजणात पसरलेले पाणी ओहळांतून परत फिरते आणि त्याबरोबर कोळंबी व लहान मासे बाहेर पडतात. ओहळ खाडीस जेथे मिळतो त्या मुखाशी जिताडा टपून असतो. म्हणून ओहोटीचा उत्तरार्ध आणि भरतीचा पहिला तास हा गळ टाकण्यास उत्तम काळ समजला जातो. त्यास पहाटेची अथवा सांजवेळेची जोड मिळाली तर अधिकच चांगले. चतुर्थीच्या दिवशी दुपारी तीनला भरती पूर्ण झाल्यावर पाणी रात्री नऊच्या सुमारापर्यंत उतरत राहते. अर्थात त्या दिवशी सांजवेळ नेमकी ओहोटीच्या उत्तरार्धात येते. पंचांगाचा असा उपयोग खाडीकाठच्या जुन्या पिढीस पूर्वापार ठाऊक आहे.

काठावरून आणि होडीतून

काठावरील मासेमारीस साधने थोडी लागतात. मजबूत काठी किंवा नुसती हातदोरी, एक गळ, लहानसे शिशाचे वजन आणि जिवंत कोळंबी अथवा बोईट एवढे पुरेसे होते. जिवंत आमिष ओहळाच्या मुखापासून थोडे वरच्या बाजूस सोडावे व पाण्याच्या ओढीबरोबर त्यास खाली वाहू द्यावे. पायरव टाळावा, कारण चिखलातून पावलांचा धक्का पाण्यात पोहोचतो आणि मासा सावध होतो. गळ लागताच जिताडा पाण्याबाहेर उसळी घेऊन डोके झटकतो. अशा वेळी दोरी सैल पडू देऊ नये.

येथे एका गोष्टीचा स्पष्ट उल्लेख करणे आवश्यक आहे. खारभूमीच्या बांधांना पाण्याचा निचरा होण्यासाठी उघाड्या ठेवलेल्या असतात. ओहोटीत त्यांची झडप बाहेरच्या बाजूस उघडते व भरतीत आपोआप मिटते. मासे आत-बाहेर यावेत म्हणून ही झडप दगड अथवा लाकूड अडकवून उघडी ठेवली तर भरतीचे खारे पाणी भातशेतीत शिरते. एका रात्रीच्या मासळीसाठी शेतकऱ्याचे वर्षाचे पीक बुडते आणि जमिनीत मुरलेले मीठ निघून जाण्यास पुढे कित्येक पावसाळे लागतात. उघाडीस हात लावणे हा मच्छीमारीचा भाग नव्हे, हे प्रत्येक हौशी माणसाने मनाशी पक्के केले पाहिजे.

अलीकडे ‘कयाक’ या एकट्या-दुकट्याने वल्हवावयाच्या अरुंद होडीचा प्रसार होत आहे. उत्तर ध्रुवाजवळच्या बर्फाळ प्रदेशातील शिकाऱ्यांनी निर्माण केलेली ही होडी आता उष्ण देशांच्या खाड्यांतही वापरली जाते. तिला वीतभर पाणी पुरते व तिचा आवाज होत नाही. त्यामुळे कांदळाच्या कडेपर्यंत जाता येते. मात्र ती पाण्यालगत असल्याने लाटेस व वाऱ्यास लवकर वश होते. जून ते सप्टेंबर या काळात, नैर्ऋत्येचा वारा वाहत असता, राजोडीच्या उघड्या किनाऱ्यावरून अशी होडी पाण्यात घालणे हे जिवावरचे साहस होय. पावसाळा संपल्यावर, खाडीच्या आतील शांत पाण्यात, जीवरक्षक जाकीट घालून आणि सोबत्यासह जावे. भरतीबरोबर आत जाऊन ओहोटीबरोबर परतावे. पण पाणी पुरते उतरण्यापूर्वी काठ गाठावा. चिखलात अडकलेल्या होडीतून उतरून चालू लागणारा माणूस कमरेपर्यंत रुततो, आणि पुढची भरती त्याच्यासाठी थांबत नाही. मच्छीमारांनी लावलेल्या जाळ्यांपासून व बोक्शींपासून दूर राहणे हेही तितकेच महत्त्वाचे आहे. खाडी हे त्यांचे शेत आहे, याचा विसर पडता कामा नये.

आधी नर, मग मादी

जिताड्याच्या बाबतीत सर्वांत लक्षणीय गोष्ट त्याच्या जीवनक्रमात दडलेली आहे. हा मासा प्रथम नर म्हणून वयात येतो आणि काही वर्षांनी त्याचेच रूपांतर मादीत होते. सामान्यतः तीन-चार वर्षांचा, सुमारे ६० सेंटिमीटर लांबीचा जिताडा प्रौढ नर असतो; सहा ते आठ वर्षांनंतर, ८५ ते १०० सेंटिमीटर लांबी गाठताना, त्याची मादी होते. पाण्यापाण्यानुसार या वयात व लांबीत फरक पडतो, पण क्रम हाच राहतो. खाडीतील सर्वांत मोठे जिताडे जवळजवळ सर्व माद्याच असतात, असा याचा अर्थ होय. अशी एक मोठी मादी लक्षावधी अंडी देते.

प्रजननासाठी हा मासा नदीमुखाजवळच्या, हजारी २८ ते ३२ भाग क्षारतेच्या पाण्यात जातो. आपल्याकडे हा काळ मुख्यतः पावसाळ्याच्या आसपासचा होय. अंडी एक मिलिमीटरपेक्षाही लहान असतात व एका दिवसाच्या आत उबतात. पिल्ले भरतीबरोबर खाजणात, कांदळवनात आणि पावसाने भरलेल्या डबक्यांत शिरतात. तेथे त्यांना अन्न मिळते व मोठ्या माशांपासून आसरा लाभतो. वाढती पिल्ले गोड्या पाण्यातही जातात आणि प्रौढ झाल्यावर पुन्हा खाऱ्या पाण्याकडे वळतात. समुद्र, खाडी, खाजण आणि गोडे पाणी ही या माशाच्या घराची जणू चार दालने आहेत. त्यांतील एकाचेही दार बंद झाले तर त्याचा वंश खुंटतो.

यावरून मर्यादेचा प्रश्न उपस्थित होतो. लहान मासा पकडू नये हे तत्त्व आता सर्वमान्य झाले आहे. महाराष्ट्र शासनाने २०२३ साली ५४ जातींच्या मासळीसाठी किमान आकारमान ठरवून दिले, त्यामागेही हेच तत्त्व आहे. जिताड्यासाठी मात्र किमान मर्यादेबरोबर कमाल मर्यादेचाही विचार व्हावयास हवा. लहान जिताडे उचलले तर नर घटतात व पुढे माद्या निर्माण होत नाहीत. मोठे उचलले तर अंडी देणारेच नाहीसे होतात. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड राज्याच्या पूर्व किनाऱ्यावर ५८ सेंटिमीटरपेक्षा लहान आणि १२० सेंटिमीटरपेक्षा मोठा बारामुंडी पकडून ठेवण्यास मनाई आहे. शिवाय तेथील प्रजननकाळात, म्हणजे १ नोव्हेंबर ते १ फेब्रुवारी, त्याची मासेमारी बंद असते.

आपल्याकडील हौशी मंडळींनी कायद्याची वाट न पाहता दोन फुटांपेक्षा लहान व तीन फुटांपेक्षा मोठा जिताडा परत सोडण्याचा नेम करावा. मोठा मासा ज्याच्या घरची चार दिवसांची चूल पेटवतो त्या मच्छीमाराकडून असा त्याग मागण्याचा अधिकार हौशी माणसास नाही. म्हणूनच आरंभ त्याने स्वतःपासून केला पाहिजे. मासा सोडताना हात ओले करावेत, पोटाखाली आधार द्यावा, जबड्याने लोंबकळत धरू नये. गळ गिळला गेला असल्यास ओढाताण न करता दोरी कापून टाकावी. तुटलेली नायलॉन दोरी काठावर सोडू नये. बगळ्यांचे पाय तिच्यात अडकतात.

तळ्यातील जिताडा

रायगड जिल्ह्यात, अलिबाग आणि पेण तालुक्यांच्या खारेपाटात, घरालगतच्या तळ्यात जिताडा वाढविण्याची परंपरा जुनी आहे. पावसाळ्यात खाडीतून आणलेली पिल्ले तळ्यात सोडावयाची, लहान मासळीवर त्यांना पोसावयाचे आणि सण-समारंभाच्या वेळी किंवा पाहुण्यांसाठी मासा काढावयाचा, अशी ही रीत आहे. या पद्धतीची अडचण बीजाची होती. थायलंडने १९७० च्या दशकाच्या आरंभी जिताड्याचे कृत्रिम प्रजनन साधले. भारतात चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलजीवपालन संशोधन संस्थेने १९९७ साली त्यात यश मिळविले. त्यामुळे खाडीतील पिल्लांना हात न लावता बोटुकली मिळण्याचा मार्ग खुला झाला.

हा मासा स्वजातिभक्षक असल्याने बोटुकली आकारानुसार वारंवार वेगळी करावी लागतात. अन्यथा मोठी पिल्ले लहानांना गिळतात. नीट निगा राखल्यास साधारण वर्षभरात मासा पाऊण ते एक किलो वजनाचा होतो. खानावळींना नेमका याच वजनाचा जिताडा हवा असतो. हा एक किलोचा मासा तळ्यातून बाजारात येऊ लागला तर खाडीतील कोवळ्या नरांवरचा ताण तेवढा हलका होईल. मात्र वसईच्या बावखलांत या हेतूने खारे पाणी कदापि घेऊ नये. पावसाचे पाणी जमिनीत मुरवून वाड्यांच्या विहिरी गोड्या ठेवणे हे बावखलांचे कार्य आहे. त्याचप्रमाणे हौसेपोटी परदेशी मासेही तेथे सोडू नयेत. १९५२ साली देशात आणलेला तिलापिया आज जागोजागच्या पाण्यात पसरलेला दिसतो. एकदा सोडलेला मासा परत बोलावता येत नाही.

काठ राहिला तर मासा राहील

गळ टाकण्याची कला काही दिवसांत शिकता येते. ओहळ आणि खाजण मात्र एकदा बुजले की पुन्हा निर्माण करणे दुष्कर असते. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ आणि २०१८ साली कांदळवनांच्या रक्षणासाठी दिलेले आदेश आणि राज्य शासनाने २०१२ साली स्थापन केलेला कांदळवन कक्ष यांमुळे संरक्षणाची चौकट उभी राहिली आहे. तथापि भराव, सांडपाणी आणि कचरा यांचा भार वाढत्या वस्तीबरोबर वाढतच आहे. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार परिसर दिवसेंदिवस पाण्याखाली राहिला, तेव्हा पाणी सामावून घेणाऱ्या सखल जागांचे मोल सर्वांना कळून आले. ज्या खाजणात पुराचे पाणी विसावते त्याच खाजणात जिताड्याचे पिल्लू वाढते.

खाडीकाठी गळ घेऊन बसणारा माणूस पाण्याचा रंग, वास आणि ओढ रोज पाहत असतो. ओहळाच्या तोंडाशी मातीचा पहिला ढिगारा पडला की तो सर्वांआधी त्याच्याच दृष्टीस पडतो. त्याने ते वेळीच ग्रामस्थांच्या व प्रशासनाच्या निदर्शनास आणून द्यावे. राजोडीच्या परिसरात पुढील पिढीलाही सांजवेळी तो ‘भप्’ आवाज ऐकू यावा, अशी इच्छा असेल तर आज गळाइतकेच लक्ष काठाकडेही दिले पाहिजे.